घरच्या छपरावरचा पाऊस टाकीत आणताना

पावसाचे पाणी साठवायचे ठरले की बहुतेकांची पहिली धाव टाकीकडे असते. ती किती लिटरची घ्यावी, प्लास्टिकची घ्यावी की फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेली) बांधावी, जमिनीवर ठेवावी की जमिनीत पुरावी, यावर आठवडेच्या आठवडे चर्चा होते, आणि टाकी दारात येऊन उभी राहिली की मग पन्हळ कशी बसवायची, पाइप कुठून वळवायचा, हा विचार सुरू होतो. वस्तुतः टाकी हा या व्यवस्थेतला शेवटून दुसरा दुवा आहे. तिच्या आधी छप्पर, पन्हळ, उतरता पाइप, जाळी आणि पहिले पाणी बाजूला काढणारी नळी एवढे सगळे ठरायला हवे, आणि तिच्यानंतर, टाकी काठोकाठ भरल्यावर जे पाणी तिच्यात मावणार नाही त्याची वाट. ही शेवटची वाट बहुतेक आराखड्यांत नसतेच. माझ्या पाहण्यातल्या ज्या व्यवस्था बिघडल्या, त्यांतल्या बऱ्याचशा तिथेच बिघडल्या. त्यात माझी स्वतःची पहिली टाकीही आली.

म्हणून या लेखात पाण्यामागूनच चालायचे आहे: थेंब छपरावर पडतो तिथून निघून जादा पाणी जमिनीत मुरते तिथपर्यंत. हिशेब समजायला एक घर सोबत घेऊ. बैठे घर, मधोमध आढे, दोन्ही बाजूंना उतरते पत्र्याचे छप्पर, वळचणीसकट लांबी १० मीटर, रुंदी ८ मीटर, आणि राहणारी माणसे चार.

छप्पर पाहणे आणि मोजणे

छपराचे क्षेत्रफळ मोजताना उताराची लांबी मोजू नये. पाऊस वरून पडतो, त्यामुळे छपराची जमिनीवर पडणारी सावली जेवढी, तेवढेच क्षेत्रफळ कामाचे. म्हणजे शिडी न लावता, टेप घेऊन घराभोवती फिरूनही हे काम होते. फक्त भिंतीपासून न मोजता पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेपासून मोजावे. आपल्या घराचे क्षेत्रफळ ८० चौरस मीटर आले, प्रत्येक उताराच्या वाट्याला ४०.

नंतर छपराचा पदार्थ पाहावा. रंगाचे पोपडे न सुटलेला धातूचा पत्रा सर्वांत सोयीचा, कारण तो उन्हात तापतो, लवकर धुतला जातो आणि पाणी शोषत नाही. काँक्रीटची गच्ची चालते, मात्र तिच्यावर पाणी साचणारे खळगे असतील तर ते आधी भरून घ्यावेत. साधी कौले थोडे पाणी पितात आणि त्यांच्यावर शेवाळ धरते; भांडी, कपडे, झाडे यांसाठी ते पाणी उत्तम. गवताने शाकारलेल्या छपरावरून रंग आणि कुजट वास घेऊन पाणी उतरते, ते पिण्यासाठी धरू नये. शिशाचा रंग किंवा सांध्यांवर शिशाच्या पट्ट्या असलेल्या छपराचे पाणी पिण्यास वापरूच नये, कारण पावसाचे पाणी मुळात किंचित आम्लधर्मी असते, हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याचा पीएच स्वच्छ हवेतही ५.६ च्या आसपास येतो, आणि असे मऊ पाणी धातू सहज ओढून घेते. अ‍ॅस्बेस्टॉसचे जुने पत्रे असतील तर ते कापू, घासू किंवा त्यांना भोके पाडू नयेत. तिथला धोका धुळीचा असतो आणि तो काम करणाऱ्याच्या फुप्फुसाला असतो. छपरावर झुकलेल्या फांद्या याच वेळी छाटून घ्याव्यात. पाने ही त्यातली किरकोळ अडचण. खरी अडचण फांदीवर बसणाऱ्या पक्ष्यांची आणि तिच्यावरून छपरावर उतरणाऱ्या उंदीर-खारींची असते.

किती मिळेल, किती लागेल, किती दिवस पुरवायचे

१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. एवढे एक वाक्य पाठ असले की पुढचे सारे गणित तोंडी करता येते. मात्र पडलेले सगळे पाणी टाकीत येत नाही. काही उडते, काही शोषले जाते, काही पन्हळीबाहेर सांडते. धातूच्या पत्र्यासाठी ०.८५ ते ०.९, काँक्रीटसाठी सुमारे ०.८ आणि साध्या कौलांसाठी ०.७५ च्या आसपास गुणक धरण्याची पद्धत आहे. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला, तर आपल्या छपरावरून ८० गुणिले ६०० गुणिले ०.८५, म्हणजे ४०,८०० लिटर पाणी मिळेल. इथे सरासरी पावसाचा आकडा घेण्याचा मोह टाळावा. मागच्या १० वर्षांची नोंद मिळाली तर त्यातले सर्वांत कोरडे वर्ष घ्यावे. टाकीची खरी गरज त्याच वर्षी पडणार असते.

आता खर्चाची बाजू. घरात पाणी किती लागते हे अंदाजाने सांगू नये, कारण अंदाज नेहमी कमी निघतो. एक आठवडा बादल्या मोजाव्यात आणि कोणत्या कामाला किती गेल्या ते वेगळे लिहावे. पिणे व स्वयंपाक यांना माणशी ५ लिटर धरले तर चौघांचे दिवसाला २० लिटर होतात; संडासात एका वेळी ६ लिटर सोडणारी टाकी असेल आणि माणशी पाच वेळा धरल्या, तर तेवढ्यालाच दिवसाला १२० लिटर लागतात. ४०,८०० ला ३६५ ने भागले की दिवसाला ११० लिटरच्या किंचित वर उत्तर येते, म्हणजे आपल्या छपराला संडासाचा पूर्ण भार पेलणार नाही हे कागदावरच कळले. अशा वेळी कोणती कामे पावसाच्या पाण्यावर चालवायची ते निवडावे लागते. आपण स्वयंपाक, पिणे, भांडी आणि थोडे कपडे असे मिळून दिवसाला १०० लिटर ठरवू.

टाकीचा आकार ठरतो तो मात्र पाऊस किती पडतो यावरून नव्हे, तर दोन पावसांमध्ये किती दिवस कोरडे जातात यावरून. हे नवख्याला पटायला थोडा वेळ लागतो. जिथे वर्षभर अधूनमधून पाऊस होतो आणि सर्वांत मोठी उघडीप २० दिवसांची असते, तिथे आपल्या घराला २,००० लिटरची साठवण पुरेल. त्याच घराला, त्याच माणसांना, तेवढाच वार्षिक पाऊस असूनही सलग १२० दिवस कोरडे काढायचे असतील, तर १२,००० लिटर लागतील. याहून नेमका हिशेब हवा असल्यास बँकेच्या पासबुकासारखा महिनावार तक्ता मांडावा: महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक, त्यात आलेले पाणी मिळवायचे, वापरलेले वजा करायचे, आणि उरलेली शिल्लक पुढच्या महिन्यात ओढायची. ज्या महिन्यात शिल्लक शून्याखाली जाते, तिथे टाकी लहान पडते किंवा वापर जास्त होतो. हा तक्ता करायला अर्धा तास पुरतो आणि त्यावरून टाकीचा आकार दोन-तीन वेळा बदलून पाहता येतो. टाकी बसल्यावर ती मुभा नसते.

टाकीची जागा, आणि उंचीचा पेच

पाणी आपल्या वजनाने टाकीत उतरायला हवे, म्हणून टाकीचे तोंड पन्हळीच्या शेवटच्या टोकापेक्षा खाली असले पाहिजे. ऐकायला हे उघड वाटते. आता आकडे घालून पाहू. वळचण जमिनीपासून २.९ मीटरवर आहे, १० मीटरच्या पन्हळीला मीटरमागे १० मिलिमीटर उतार दिला की तिचे शेवटचे टोक १० सेंटिमीटर खाली, म्हणजे २.८ मीटरवर येते. १२,००० लिटरसाठी २.५ मीटर व्यासाची एकच उभी टाकी घेतली तर ती साधारण २.६ मीटर उंच लागते, आणि तोटीखाली बादली मावावी म्हणून तिला ४० सेंटिमीटरचा ओटा हवा. एकूण उंची झाली ३ मीटर. टाकी पन्हळीच्या वर गेली.

यावर उपाय म्हणजे प्रत्येकी २.१ मीटर व्यासाच्या आणि २ मीटर उंचीच्या दोन टाक्या. एकेकीत सुमारे ६,९०० लिटर मावतात, ओट्यासकट उंची २.४ मीटर होते आणि पन्हळीपासून खाली ४० सेंटिमीटर उतार हाती राहतो. दोन्ही टाक्या एकाच पातळीच्या ओट्यावर ठेवून तळाशी पाइपने जोडल्या आणि मध्ये एक व्हॉल्व्ह ठेवला, तर दोन्हींतले पाणी एकाच पातळीवर राहते, आणि एक धुवायची वेळ आली की दुसरीतले पाणी वापरात राहते. एकाच मोठ्या टाकीपेक्षा मला दोन टाक्यांची मांडणीच पसंत आहे, उंचीची अडचण नसली तरीही.

ओट्याच्या बाबतीत काटकसर करू नये. १,००० लिटर पाण्याचे वजन १ टन असते, म्हणजे वरची प्रत्येक टाकी भरल्यावर जवळपास ७ टनांची होते. भरावाच्या मातीवर, झाडाच्या मोठ्या मुळांवर किंवा शोषखड्ड्याजवळ ती ठेवू नये. वरची भुसभुशीत माती काढून, खडी अंथरून, पाणी मारून धुमसावे आणि त्यावर सळईची जाळी घातलेले काँक्रीट टाकावे; ओटा टाकीच्या घेराहून चहूबाजूंनी किमान १५ सेंटिमीटर रुंद असावा आणि पातळी पाणसळीने तपासावी. प्लास्टिकची टाकी असेल तर तिच्या बुडाखाली एकही खडा राहता कामा नये. जमिनीत पुरलेली टाकी उन्हापासून व नजरेपासून वाचते, पण तिला पंप लागतो, तडा गेला तर लवकर कळत नाही, आणि भूजल वर आले असताना ती रिकामी असेल तर जमिनीतून उचलली जाऊ शकते. जागा असेल तर पहिली टाकी जमिनीवरच असावी.

पन्हळ बसवणे

पन्हळीच्या मापासाठी एक सोपा ठोकताळा आहे: छपराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे पन्हळीचा किमान १ चौरस सेंटिमीटर छेद, म्हणजे ती आडवी कापली तर दिसणाऱ्या पोकळीचे क्षेत्रफळ. आपल्या एका उताराला ४० चौरस सेंटिमीटर हवेत. १० सेंटिमीटर व्यासाची अर्धगोल पन्हळ ३९ देते, म्हणजे अगदी काठावर; १२.५ सेंटिमीटरची ६१ देते. दुसरीच घ्यावी. ताशी १०० मिलिमीटर वेगाने पडणारी जोरदार सर आली की या एका उतारावरून मिनिटाला ६७ लिटर, म्हणजे चार मोठ्या बादल्यांहून जास्त पाणी येते, आणि नेमके तेच पाणी आपल्याला हवे असते.

बसवताना आधी दोन टोकांचे ब्रॅकेट ठोकावेत. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी एक करून खूण करावी, खालच्या टोकाची खूण मीटरमागे ५ ते १० मिलिमीटर या हिशेबाने खाली सरकवावी, दोन्ही ब्रॅकेटमध्ये दोरी ताणावी आणि मधले ब्रॅकेट दोरीला टेकवत साधारण ६० सेंटिमीटरवर बसवत जावे. डोळ्याच्या अंदाजावर विसंबू नये, कारण जुन्या घरांच्या वळचणी क्वचितच सरळ असतात आणि वळचणीच्या समांतर लावलेली पन्हळ सरळ दिसूनही उलट्या उताराची निघते. पत्र्याची कड पन्हळीच्या आत साधारण एक तृतीयांशापर्यंत यावी. त्याहून आत गेली तर जोराचे पाणी पन्हळीवरून उडी मारून जाते, आणि जेमतेम काठावर राहिली तर रिमझिम पावसाचे पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाला चिकटून भिंतीकडे परत फिरते. पन्हळीची बाहेरची कड भिंतीकडच्या कडेपेक्षा बोटभर खाली ठेवावी, म्हणजे कधी ती तुंबून वाहिलीच तर पाणी अंगणात पडते, भिंतीत मुरत नाही.

सगळे बसले की वरच्या टोकाला एक तांब्या पाणी ओतून पाहावे. ते वाटेत कुठेही न थांबता खाली गेले पाहिजे. जिथे बोटभर पाणी साचून राहते तिथला ब्रॅकेट त्याच दिवशी उचलावा, कारण पुढे तिथेच पाने कुजतात आणि तिथेच डासांच्या अळ्या होतात.

उतरत्या पाइपची जोडणी करताना सॉकेटचे रुंद तोंड नेहमी वरच्या बाजूला ठेवावे, म्हणजे वरचा पाइप खालच्यात उतरतो आणि सांधा थोडा सैल राहिला तरी पाणी आतच पडते. मी पाहिलेल्या गळक्या पाइपांपैकी अनेकांत गोंद किंवा सामान खराब नव्हते. पाइप फक्त उलटे लावलेले होते. पीव्हीसीचे पाइप सतत उन्हात असतील तर ते ठिसूळ होतात, त्यांना बाहेरून रंगाचा हात द्यावा. पाइप जमिनीखालून नेऊन पुन्हा टाकीत चढवायची वेळ आली तर त्या खोलगट भागात पाणी कायम साचून सडते. सर्वांत खालच्या जागी रिकामा करण्याचा व्हॉल्व्ह हवाच, आणि शक्यतो अशी वळणे टाळलेली बरी.

पहिले पाणी बाजूला काढणे

उघडिपीनंतरचा पहिला पाऊस छपरावरची धूळ, विष्ठा, पराग आणि मेलेले किडे घेऊन खाली येतो. हे पाणी टाकीत गेले तर पुढची सगळी गाळणी व्यर्थ जाते. म्हणून छपराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे अर्धा ते २ लिटर पाणी आधी सोडून द्यावे. धूळ किंवा पक्षी जास्त असतील तर वरचा आकडा धरावा. आपण १ लिटर धरू. एका उताराचे ४० लिटर झाले.

त्यासाठी टाकीकडे जाणाऱ्या आडव्या पाइपच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) बसवून तिच्या खालच्या तोंडाला उभा बंद पाइप लोंबता ठेवतात. पहिले पाणी त्या पाइपात उतरते, तो भरला की पुढचे स्वच्छ पाणी वरून टाकीकडे वळते. टीच्या खाली आत एक हलका तरंगता चेंडू ठेवला तर तो पाण्याबरोबर वर येऊन तोंड बंद करतो आणि खालचे घाण पाणी वरच्यात मिसळत नाही. अडचण येते ती लांबीची. आतून १० सेंटिमीटर व्यासाच्या पाइपात मीटरमागे ७.८५ लिटर मावतात, म्हणजे ४० लिटरसाठी ५ मीटरहून लांब पाइप लागेल, आणि आपल्याकडे टाकीच्या तोंडापासून जमिनीपर्यंत जेमतेम अडीच मीटर आहेत. १५ सेंटिमीटरच्या पाइपात मीटरमागे १७.७ लिटर मावतात, २.२६ मीटरमध्ये काम होते आणि खाली कॅप उघडायला वीतभर जागाही राहते. तयार मिळणारे संच बहुधा बारीक पाइपचे असतात. घेण्यापूर्वी त्यांत किती लिटर मावतात ते छपराशी ताडून पाहावे.

दोन पावसांच्या मध्ये हा पाइप रिकामा झाला पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी तो काहीच काढून घेणार नाही. खालच्या कॅपला २ मिलिमीटरचे छिद्र पाडले तर आपला ४० लिटरचा पाइप सुमारे दोन तासांत आपोआप रिकामा होतो. सोय मोठी आहे, पण तिची किंमत अशी की पाऊस चालू असतानाही त्या छिद्रातून तासाला ४० लिटरच्या आसपास पाणी गळत राहते, आणि दुपारी दोन तास उघडीप होऊन पुन्हा पाऊस आला तर धुतलेल्या छपराचे ४० लिटर पुन्हा वाया जातात. घरात रोज कोणीतरी असेल आणि त्याला आठवण राहत असेल तर छिद्राऐवजी बॉल व्हॉल्व्ह लावून पाऊस थांबल्यावर हाताने उघडावा. घर दिवसभर बंद राहत असेल तर छिद्रच बरे, फक्त आतून बारीक जाळी लावावी, कारण पानाचा एवढासा तुकडा ते बुजवायला पुरतो. दोन्ही प्रकारांत खालची कॅप आट्यांची असावी. ती सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवून टाकणारा प्लंबर पुढच्या साफसफाईच्या वेळी हजर नसतो.

टाकीच्या आत आणि बाहेर

टाकीत उजेड गेला की शेवाळ धरते, म्हणून टाकी अपारदर्शक हवी आणि झाकण घट्ट. हवा किंवा पाणी जाणाऱ्या प्रत्येक तोंडाला १ मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची जाळी हवी, जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपच्या, म्हणजे ओव्हरफ्लोच्या, तोंडालाही. डासाला कोणत्या पाइपातून शिरायचे याचे सोयरसुतक नसते. लहान मुले असलेल्या घरात झाकणाला कुलूप लावावे.

आत येणारा पाइप वरून नुसता सोडून दिला तर प्रत्येक सरीला तळाचा गाळ ढवळून निघतो. तो तळापर्यंत नेऊन शेवटी दोन एल्बो लावून तोंड वर वळवावे, म्हणजे पाणी शांतपणे वर उमलते आणि तळ हलत नाही. वापराची तोटी तळापासून १० सेंटिमीटर वर ठेवावी आणि अगदी तळाशी गाळ काढण्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह ठेवावा. तोटीखालचे हे पाणी वापरात येत नाही. आपल्या दोन टाक्यांत ते मिळून जवळपास ६९० लिटर होते, आणि साठवण ठरवताना ते वजा धरावे लागते. उंचीच्या प्रत्येक मीटरमागे पाण्याला ०.१ बार एवढाच दाब मिळतो, त्यामुळे तोटीखाली बादली भरेल, शॉवर चालणार नाही. पंप लावून घराच्या नळांना जोडायचे असेल, तर हे पाणी सार्वजनिक नळाच्या पाइपशी थेट कधीही जोडू नये. पाणी उलटे फिरू न देणारा एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह अडकून राहिला तरी छपराचे पाणी शेजाऱ्यांच्या नळात जाऊ शकते. दोन्ही पाइप वेगळे ठेवावेत, वेगळ्या रंगाने रंगवावेत.

जादा पाण्याची वाट

आता माझ्या पहिल्या टाकीविषयी. दोन पन्हळींचे दोन जाड पाइप मी तिच्यात सोडले होते आणि ओव्हरफ्लोसाठी टाकीला आधीच असलेला २५ मिलिमीटरचा निपल पुरेल असे गृहीत धरले होते. तो निपल नळाच्या बारीक धारेने भरणाऱ्या टाकीसाठी असतो, हे माझ्या ध्यानात आले नाही. एका रात्री जोराचा पाऊस झाला, टाकी भरली, आणि दोन पाइपांतून येणारे पाणी त्या बोटभर भोकातून जाईना. ते झाकण उचलून चहूबाजूंनी वाहू लागले आणि तासन्‌तास ओट्याच्या एकाच कडेवर पडत राहिले. सकाळी ओट्याखालची माती हातभर आत वाहून गेलेली होती आणि टाकी एका अंगाला कलली होती. ती रिकामी करून, ओटा फोडून सगळे काम पुन्हा करावे लागले. पाणी किती साठवायचे याचा हिशेब मी वहीत तीन पाने भरून केला होता, आणि सांडणाऱ्या पाण्यासाठी एक ओळही नव्हती.

धरणाला सांडवा असतो तसा टाकीला ओव्हरफ्लो हवा, आणि त्याचा छेद आत येणाऱ्या सगळ्या पाइपांच्या एकत्रित छेदाइतका तरी हवा. ९ सेंटिमीटरचे दोन पाइप एकाच टाकीत येत असतील तर बाहेर जाणारा पाइप १२.७ सेंटिमीटरचा लागतो, कारण व्यास दुप्पट झाला की छेद चौपट होतो, हे उलट्या बाजूनेही लागू पडते. आपल्या मांडणीत प्रत्येक टाकीला एकच पाइप येतो, तेव्हा प्रत्येकीला तेवढ्याच जाडीचा वेगळा ओव्हरफ्लो पुरे. तळाच्या बारीक जोडपाइपवर भरवसा ठेवून एकाच टाकीला ओव्हरफ्लो देऊ नये.

हे पाणी ओट्यापासून दूर न्यावे. सर्वांत चांगले म्हणजे शोषखड्ड्यात: तळाला मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर जाड वाळू. घराच्या पायापासून तो किमान ३ मीटर लांब आणि सेप्टिक टँकपासून त्याहूनही बराच लांब असावा. आधी त्याच जागी हातभर खोल खड्डा खणून पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी उभे असेल तर ती जमीन पाणी पीत नाही, दुसरी जागा शोधावी. विहीर किंवा बोअरवेलमध्ये ओव्हरफ्लो सोडायचा असेल तर गाळणीशिवाय सोडू नये, कारण भूजलात गेलेली घाण बाहेर काढता येत नाही.

पिण्यासाठी वापरायचे असल्यास

झाडे, फरशी, संडास यांना टाकीतले पाणी तसेच चालते. पिण्यासाठी मात्र ते गाळून निर्जंतुक केलेच पाहिजे, कितीही स्वच्छ दिसले तरी. उकळणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. खळखळून उकळी फुटल्यावर किमान १ मिनिट, आणि समुद्रसपाटीपासून २,००० मीटरहून उंच ठिकाणी ३ मिनिटे. क्लोरीन वापरायचे असल्यास सुगंध किंवा साबण न मिसळलेले ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट १,००० लिटरला ४० मिलिलिटर घातले की लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन होते. ३० मिनिटांनी टेस्ट किटने पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार तेव्हा लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होते, म्हणून आधी पाणी निवळू द्यावे. शिसे किंवा इतर धातू मात्र उकळून किंवा क्लोरीनने जात नाहीत. शंका असेल तर प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.

पहिला पाऊस आणि त्यानंतर

नवी टाकी आतून धुऊन पहिले पाणी सोडून द्यावे. सिमेंटच्या टाकीतले सुरुवातीचे पाणी चुन्यामुळे तुरट लागते, ते एक-दोन भरण्यांनंतर जाते. पाऊसकाळ सुरू होण्यापूर्वी पन्हळ आणि जाळ्या साफ कराव्यात, आणि पाऊस चालू असताना दर महिन्याला त्यांवर नजर टाकावी. टाकीचा तळ वर्षातून एकदा पाहावा, पाणी सर्वांत कमी असेल तेव्हा. टाकीत उतरावे लागले तर एकट्याने कधीही उतरू नये: बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो आणि आत माणूस बेशुद्ध पडला तर बाहेरच्याला ते कळतही नाही. झाकण बराच वेळ उघडे ठेवून हवा खेळू द्यावी, बाहेर एक माणूस उभा ठेवावा, आणि पेट्रोल-डिझेलवर चालणारा पंप टाकीत किंवा तोंडाशी चालवू नये. लांब दांड्याच्या ब्रशने आणि तळाच्या व्हॉल्व्हने काम भागत असेल तर न उतरणेच श्रेयस्कर.

पहिला जोराचा पाऊस येईल तेव्हा छत्री घेऊन बाहेर पडावे आणि घराला एक फेरी मारावी. पन्हळीवरून पाणी कुठे उडते, कोणत्या सांध्यातून ठिबकते, टाकीत पडणारे पाणी कधी सुरू होते, हे कोरड्या दिवशी कळत नाही. जिथे गळते तिथे खडूने खूण करून ठेवावी, पाऊस थांबल्यावर ती जागा सापडत नाही. मग खालची कॅप उघडून पहिले पाणी पांढऱ्या बादलीत घ्यावे. ते चहाच्या रंगाचे असेल आणि टाकीतले पाणी स्वच्छ असेल तर नळीची लांबी बरोबर आहे; दोन्हींचा रंग सारखाच मळका दिसला तर नळी आखूड पडते आहे, तिला आणखी मीटरभर जोड द्यावा लागेल.